प्रोसेसरचा पंखा

“माझी नात त्या भट्टीत जाणार नाही, प्रफुल्लराव. विषय संपला.”

एवढं बोलून अण्णांनी चहाची बशी खाली ठेवली आणि ते खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. मी आपला सोफ्याच्या टोकावर, एक बिस्कीट हातात, एक तोंडात. अकोल्याहून गाडीत अवघडून नाशिकला आलो होतो ते बायकोला आणि मुलीला घरी न्यायला. मुलगी तीन महिन्यांची झाली होती. बारसं होऊन मुक्ता नाव ठेवलं होतं, बाळंतिणीचे लाड झाले होते. आता रीतीप्रमाणे दोघींनी आपल्या घरी यायचं. पण रीत एकीकडे आणि माझे सासरे एकीकडे!

“अण्णा, भट्टी काय म्हणता? चांगली हवेशीर खोली आहे,” मी बिस्कीट गिळून म्हणालो.

“मी पाहिलीय ना तुमची हवेशीर खोली. दिवाळीनंतर तनुजाला बाळंतपणाला न्यायला आलो होतो. थंडीचे दिवस. स्वेटर घालून आलो आणि तुमच्याकडे बनियनवर बसलो. आता तर मे तोंडावर आलाय. बाहेरून ऊन आणि आतून तो तुमचा कॉम्प्युटर. साखर कारखान्यात बॉयलरवर जन्म काढलाय मी. गरम कशाला म्हणतात ते मला कुणी सांगायचं नाही.”

 खोटं एक अक्षर नव्हतं त्यात.

तेव्हा मी लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करायचो. म्हणजे लोकांनी शूट करून आणायचं आणि मी ते कापून, जोडून, गाणी टाकून द्यायचं. अकोल्यात गोरक्षण रोडला वरच्या मजल्यावर एक खोली आणि एक स्वयंपाकघर, तेच घर आणि तोच स्टुडिओ. वर स्लॅब. वेगळं दुकान घ्यायची ऐपत नव्हती. तनुजा आणि मी नाशिकच्या एका ॲनिमेशनच्या क्लासमध्ये भेटलो, तिथेच जमलं. अण्णांनी लग्नाला होकार दिला, पण कसा, तर दाढ काढायला तोंड उघडावं तसा. त्यांच्या एकुलत्या एका मुलीने एवढं मोठं नाशिक सोडून अकोल्यात कुठे जाऊन पडावं, हे त्यांना पटलेलंच नव्हतं. आता तर नात होती.

आतून मुक्ताचं रडणं सुरू झालं. ते रडणं म्हणजे साधं कुरकुरणं नव्हे. गळ्याच्या शिरा ताणून, मुठी आवळून, जगाशी भांडण असल्यासारखं. अण्णा एकदम वळले, आत गेले आणि तिला खांद्यावर घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारायला लागले. हे झाड बघ, तो पेरू बघ, ती चिमणी बघ. पोरगी काही ऐकेना.

“रोज दुपारी असंच,” सासूबाई मला हळूच म्हणाल्या. “डॉक्टरांना दाखवलं, दृष्ट काढली, ओव्याचा शेक दिला. पोट चांगलं आहे म्हणतात. झोपच लागत नाही हो तिला. हे बिचारे चालून चालून दमतात.”

तनुजा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. एकटी असली की ती मला ‘प्रफुल्ल’ म्हणते आणि रागात असली तर ‘ए शहाण्या’. वडिलांसमोर मात्र अगदी सोवळ्यात बोलायची.

“अण्णा, मला जायचंय. ह्यांनी एकट्याने किती दिवस पोळ्या लाटायच्या?”

“लाटू दे. अंगी लागेल.”

“अण्णा!”

अण्णा फेरी मारता मारता थांबले. मुलीकडे बघितलं, खांद्यावरच्या नातीकडे बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “ठीक आहे. पंधरवड्याने मीच दोघींना घेऊन येतो. भर दुपारी त्या खोलीत बसून बघतो. पोरीला मानवलं तर ठेवून येईन. नाही मानवलं तर दोघींना परत आणीन, आणि मग दसऱ्यापर्यंत नाव काढायचं नाही.”

“हाव,” मी आपल्या वऱ्हाडीत होकार दिला.

“हाव काय, हाव? नीट करून ठेवा.”

दसरा! परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात तेवढा एकच शब्द फिरत होता. दसऱ्यापर्यंत पोरगी बसायला लागली असती, रांगायला लागली असती, आणि मला बघून अनोळखी माणसासारखी रडली असती. त्यातून दसऱ्याची दिवाळी व्हायला काय वेळ लागतो? अण्णांच्या मनात तेच होतं, मला पक्कं माहीत होतं. मला माझी माणसं घरात हवी होती, बस. आणि धंदाही बंद ठेवता येत नव्हता, कारण लग्नाचा सीझन ऐन भरात होता आणि त्यावरच पुढे सगळं भागायचं.

आता त्या कॉम्प्युटरविषयी सांगायला हवं. मी त्याचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला होता, म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवला होता. लग्नाचा तीन तासांचा व्हिडिओ शेवटी एकसंध बनवून घ्यायला मशीन तासन्‌तास राबतं. वेग वाढवला की काम लवकर उरकतं. पण मी ते केलं होतं आपल्या अकोल्याच्या हिशोबाने, म्हणजे होऊ दे खर्च! वेग वाढवला, तो टिकावा म्हणून व्होल्टेज दाबून वाढवलं, आणि काम नसताना प्रोसेसरने आपोआप हळू होऊन वीज वाचवायची जी सोय असते, ती सरळ बंद करून टाकली. कुणीतरी म्हणालं होतं, त्याने अडखळतं. परिणाम असा की मशीन मी समोर बसून कापत असलो तरी, चहा प्यायला गेलो तरी, जीव तोडून पळतच असायचं. तापमान नव्वदच्या घरात. त्यावरचा पंखा असा घूंऽऽ करायचा की खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायच्या, “पिठाची गिरणी टाकली का जी?”

घरी आल्या आल्या मी कामाला लागलो. आणि पहिल्याच फटक्यात शेण खाल्लं.

आमच्याकडे उन्हाळ्यात घरोघरी पाण्याचा कूलर असतो, मोठा पत्र्याचा, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या, आत पाण्याची मोटार. अकोल्याच्या माणसाचा कूलरवर जेवढा विश्वास असतो तेवढा सख्ख्या भावावर नसतो. माणूस तापला, कूलरपुढे बसव. टरबूज तापलं, कूलरपुढे ठेव. मग मशीन तापलं तर? मी कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढला आणि कूलरचं तोंड सरळ आत वळवलं. तापमान असं खाली आलं की मी खोलीत एकटाच नाचलो. तनुजाला फोन करून सांगितलं, “झालं काम! बॅग भर!”

तिसऱ्या दिवशी एका नवरीच्या पाठवणीच्या ऐन प्रसंगात स्क्रीन काळी झाली. नवरी रडता रडता गायब. आत बॅटरी मारून बघतो तर काय, सगळ्या भागांवर पांढरी पूड धरलेली आणि खाली ओल. आमचं बोअरचं पाणी खारं. कूलरने हवेबरोबर तेही आत फवारलं होतं.

“तू ओल्या वाऱ्यात उघडं मशीन ठेवलंस?” तनुजाने फोनवर विचारलं. मागे मुक्ताचं रडणं चालू होतं. “ए शहाण्या, माझ्या नशिबात तूच कसा रे आलास?”

“तूच निवडलंस बाप्पा. क्लासमध्ये अजून नऊ पोरं होती.”

“हसू नको. बंद कर, वायर काढ. सगळं वाळू दे दोन दिवस. मग ब्रशने झाड आणि रॅमच्या पट्टीची टोकं खोडरबरने घास.”

“आणि नाहीच झालं चालू तर?”

 तिकडे ती मुक्ताला थोपटत असावी. मग हळू आवाजात म्हणाली, “होईल रे. मला यायचंय प्रफुल्ल. इथे सगळे खूप करतात माझं, पण मला आपल्या घरी यायचंय.”

मी खोडरबर आणायला ऊन न बघता बाहेर पडलो.

मशीन चालू झालं. देवाची कृपा म्हणा नाहीतर खोडरबराची. मग मात्र मी आपली अक्कल बाजूला ठेवली आणि तनुजा सांगेल तसं करायचं ठरवलं. ती तिकडे मुलीला पाजता पाजता फोन कानाला लावून सांगायची आणि मी इकडे कीबोर्डपुढे बसायचो.

“वेग तुला हवा तेवढाच ठेव,” ती म्हणाली. “पण व्होल्टेज एक एक पायरी उतरव. तू त्याला गरजेपेक्षा जास्त पाजतोयस. जास्त पाजलं की तापणारच.”

“कमी पडलं तर?”

“तर बंद पडेल, तुला कळेल, मग एक पायरी वर ये. प्रत्येक पायरीवर एक अख्खं लग्न चालवून बघ. आणि वीज वाचवायची सोय परत चालू कर. काम असेल तेव्हा पळू दे, नसेल तेव्हा बसू दे त्याला शांत.”

मी तसंच केलं. पायरी उतरवायची आणि एक लग्न पूर्ण चालवायचं. पातूरचं लग्न पार पडलं, मूर्तिजापूरचं पार पडलं, बाळापूरच्या वरातीत घोडीवरच अडकलं, म्हणून एक पायरी वर आलो. प्रोसेसरवरची वाळून कडक झालेली पेस्ट खरवडून नवी लावली. त्यावर उष्णता ओढून घेणारा मोठा हिटसिंक आणि संथ फिरणारा मोठा पंखा बसवला. कॅबिनेटची पाठ खिडकीला लावली, म्हणजे गरम हवा खोलीत न येता बाहेर जाईल. कूलर मशीनपासून दूर, झोळी बांधायच्या कडीच्या बाजूला सरकवला. सगळं जमलं तेव्हा वेग पहिल्याइतकाच होता आणि तापमान भर कामातही सत्तरच्या वर जाईना. काम थांबलं की मशीन असं गप्प व्हायचं की चालू आहे का हे बघायला दिव्याकडे बघावं लागायचं. मला त्या शांततेत उलट चुकल्या-चुकल्यासारखं झालं, पण म्हटलं, लेकराला शांतताच हवी.

ठरल्या दिवशी ते आले. अण्णांच्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात चक्क थर्मामीटर. भिंतीवर टांगायचा, लाकडी पट्टीचा, कारखान्यातला असावा. पाणी प्यायच्या आधी त्यांनी तो झोळीच्या दोरीला अडकवला.

“मशीन चालवा,” म्हणाले.

मी एक लग्न लावलं. मशीन कामाला लागलं. मोठा पंखा हळूच फिरत होता. अण्णा बाजूला खुर्ची टाकून बसले. बनियनवर यायची वाट बघत होते, पण शर्टाचं पहिलं बटणही उघडायची वेळ आली नाही. त्यांनी कॅबिनेटवर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

“चालू आहे ना हे?”

“हाव जी. भरधाव चालू आहे.”

तेवढ्यात लाइट गेली. आमच्याकडे दुपारी लोडशेडिंग असायचं. पूर्वी असं झालं की मशीन आणि कूलर दोन्ही इन्व्हर्टरवर यायचे आणि इन्व्हर्टर कोकलून मान टाकायचा. अण्णा सावरून बसले, आता गंमत बघू म्हणून. मी काम थांबवलं, मशीन आपोआप मंद झालं, आणि कूलर आपला वारा घालत राहिला. इन्व्हर्टरने ‘पीं’ सुद्धा केलं नाही. लाइट परत आली तरी थर्मामीटर होता तिथेच.

तनुजा पदराआड हसत होती. मी तिच्याकडे बघून भुवई उडवली. जिंकलो होतो बाप्पा!

आणि मुक्ता रडायला लागली.

पहिल्यांदा वाटलं, प्रवासाने दमली असेल. तनुजाने पाजलं, झोळीत घातलं, झोका दिला. मी अंगाईच्या नावाखाली जे येतं ते म्हटलं. अण्णांनी खांद्यावर घेऊन खोलीत फेऱ्या मारल्या, पण खोली ती केवढी, चार पावलांत भिंत. ती रडतच होती, नाशिकला रडायची तसंच, किंबहुना जास्तच. चेहरा लालबुंद झाला, श्वास अडकायला लागला. सावली होती, गारवा होता, शांतता होती, आई होती, आणि तरी तिला काय पाहिजे होतं ते कुणालाच कळत नव्हतं.

बऱ्याच वेळाने अण्णा खुर्चीत बसले. मला वाटलं, आता ओरडतील. पण त्यांचा आवाज अगदी मऊ झाला होता, आणि ते जास्त वाईट होतं.

“प्रफुल्लराव, तुम्ही मेहनत केलीत. मी काही आंधळा नाही. खोलीला नाव ठेवायला जागा नाही. पण मी म्हणालो होतो, पोरीला मानवलं तर. तिला नाही मानवत. उद्या सकाळच्या गाडीने आम्ही निघतो.”

“अण्णा, ती तिकडेही रडते,” तनुजा म्हणाली.

“तिकडे तुझी आई आहे. चार माणसं आहेत घ्यायला. इथे हा काम करणार आणि तू एकटी. दसऱ्याला बघू.”

 तनुजाने नुकतीच उघडलेली बॅग पुढे ओढली आणि दोरीवर घातलेली दुपटी एकेक करून परत घडी करायला लागली.  मला ते बघवेना.

मी रागीट माणूस आहे, लपवत नाही. मशीनपुढे जाऊन बसलो. मनात म्हटलं, कुणासाठी केलं हे सगळं? पंधरवडाभर एकेक पायरी उतरत बसलो ती कुणासाठी? उद्या ह्या दोघी जाणार, मग खोली तापली काय नि पेटली काय! मशीन बंद करून सुरू केलं आणि बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मुळाशी जाऊन, माझी जुनी सेटिंग जपून ठेवलेली होती, ती सगळीच्या सगळी परत लावली. जुनं व्होल्टेज. वीज वाचवणं बंद. पंखा कायम पूर्ण वेगात. एंटर इतक्या जोरात मारला की बटण उडायचं राहिलं.

घूंऽऽऽ!

नवा मोठा पंखा जुन्यासारखाच गरजायला लागला. खिडकीची काच थरथरली. अण्णा म्हणाले, “अहो, काय चालवलंय? लेकरू आहे घरात!” आणि ते म्हणाले ते मला स्पष्ट ऐकू आलं, कारण मध्ये रडण्याचा आवाजच नव्हता.

मुक्ता गप्प झाली होती.

आम्ही तिघंही झोळीकडे बघत राहिलो. ती डोळे उघडे ठेवून, हुंदका अर्धवट सोडून, कान दिल्यासारखी पडली होती. आवळलेल्या मुठी सैल झाल्या. एक लांब उसासा टाकला, एवढ्याशा जिवाला न शोभणारा. मग जांभई दिली.

मी घाबरून पंखा कमी केला. लगेच ओठ वाकडे झाले.

“थांबा!” अण्णा कुजबुजले. “वाढवा. वाढवा ना हो!”

मी वाढवला. पापण्या मिटल्या. बघता बघता माझी मुलगी, जिला नाशिकमध्ये चार माणसांना, डॉक्टरला आणि ओव्याला झोपवता आलं नव्हतं, ती त्या गिरणीच्या आवाजात तोंड उघडं टाकून गाढ झोपली.

“हा काय प्रकार आहे?” अण्णा म्हणाले.

तनुजाच्या हातात घडी अर्धवट राहिली होती. तिने ती खाली ठेवली, टेबलापाशी आली आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

“अण्णा, आठवा महिना लागेपर्यंत मी इथे बसून काम केलंय. ह्याच खुर्चीत. पोट असं टेबलाला टेकायचं आणि मशीन इथे, हातभर अंतरावर. दिवसभर हाच आवाज असायचा.”  तिचे डोळे भरून आले होते. “तिने माझ्या आवाजानंतर जगात काही ऐकलं असेल, तर हेच.”

 पंखा ओरडत होता. अण्णा उठून झोळीजवळ गेले आणि वाकून खूप वेळ नातीकडे बघत राहिले.

“म्हणजे तीन महिने मी हिला खांद्यावर घेऊन फिरत होतो,” ते म्हणाले. “पेरू दाखवत होतो, चिमण्या दाखवत होतो. आणि हिला घरची आठवण येत होती.”

बॉयलरवर जन्म काढलेला माणूस, पण तेव्हा त्यांना डोळे पुसायला रुमाल सापडेना. तनुजाने तेच अर्धवट घडीचं दुपटं पुढे केलं. त्यांनी त्यानेच पुसले.

तोवर थर्मामीटर वर सरकायला लागला होता. जुन्या व्होल्टेजवर मशीनने आपला जुना धंदा सुरू केला होता. मीच आधी बघितलं आणि मला घाम फुटला. म्हटलं, आता काय करतो? पोरीला आवाज द्यावा तर खोली तापते, खोली गार ठेवावी तर पोरगी झोपत नाही.

“अहो,” तनुजा वडिलांसमोरच्या आवाजात म्हणाली, आणि मग ते सोडून देऊन नेहमीच्या आवाजात, “ए शहाण्या, पंखा ओरडायला प्रोसेसर तापलाच पाहिजे असं कुणी सांगितलं तुला? बाकी सगळं नवंच ठेव. फक्त पंखा पूर्ण सोड. पंख्याला कितीशी वीज लागते?”

अण्णांनी मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. पहिल्यांदाच त्यांना मोकळं हसू आलं. “असं बोलते का ही तुमच्याशी?”

“रोज जी,” मी म्हणालो.

मी नवी सेटिंग परत लावली आणि पंखा तेवढा मोकळा सोडला. मशीन सुरू होतं तेवढ्या दोन क्षणांत मुक्ता कुरकुरली, मग पुन्हा घूंऽऽ आलं आणि ती आणखी खोल गेली. थर्मामीटर उतरला. तनुजाने बॅगेतली दुपटी काढली आणि कपाटाच्या खालच्या खणात रचली. अण्णांनी ते बघितलं आणि थर्मामीटर दोरीवरून काढून पिशवीत ठेवला.

संध्याकाळी चहा झाल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले. घसा खाकरला. इकडचं तिकडचं बोलले, अकोल्याच्या केळ्यांची चौकशी केली. मग खिशातून आपला नवा मोबाईल काढला, जो त्यांना नीट चालवता येत नव्हता, आणि माझ्यापुढे धरला.

“ह्यात तो आवाज भरून मिळेल का?”

“कुठला?”

“तोच हो, पंख्याचा. लांबलचक द्या. तासाभराचा.” त्यांनी झोळीकडे बघितलं. “कधी मधी नाशिकला येईलच ना ती. सुट्टीला, सणाला. तेव्हा माझ्याकडेही तिला झोप लागायला पाहिजे.”

मी फोन मशीनजवळ ठेवून तासभर आवाज भरून दिला. आम्ही सगळे तेवढा वेळ हळू बोलत होतो, त्यात दुसरं काही येऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा एकटेच गाडीत बसले. मुक्ताचे पाय हातात धरून त्यांनी कपाळाला लावले आणि मला म्हणाले, “सांभाळा.” एवढंच.

तेव्हाचं ते मशीन कधीच भंगारात गेलं. मुक्ता आता कानात गाणी लावल्याशिवाय झोपत नाही आणि वर मलाच म्हणते की बाबा तुम्ही किती घोरता. पण त्या उन्हाळ्यातली एक गोष्ट मी कधी विसरलो नाही.

अण्णा नाशिकला परतल्यावर आठवडाभराने दुपारी सासूबाईंचा फोन आला. आवाज अगदी दबका.

“जावईबापू, मोबाईलमधला तो आवाज बंद कसा करायचा हो?”

“का आई? काय झालं?”

“अहो, मुक्ता तिकडे आल्यापासून ह्यांना दुपारची झोपच नव्हती. नुसते व्हरांड्यात फेऱ्या मारायचे. आता रोज जेवण झालं की तो आवाज लावतात आणि मुक्ताच्या इथल्या रिकाम्या झोळीखाली सतरंजी टाकून आडवे होतात. आत्ताही तसेच झोपलेत. फोन छातीवर आहे. बॅटरी संपेल म्हणून बंद करायला गेले, तर झोपेतच हात घट्ट धरला त्यांनी.”

 फोनमधून, सासूबाईंच्या आवाजामागून, माझ्याच मशीनचा पंखा ऐकू येत होता.

“आई,” मी म्हणालो, “राहू द्या चालू.”